शेरेबुकात न मावलेलं

प्रिय ताई,

तुझ्या शाळेच्या शेरेबुकात मी जुलैमध्ये दीड ओळ लिहून आले. ‘उपक्रम छान. मुले आनंदी दिसली.’ खाली सही, तारीख. तू वाचलंस आणि म्हणालीस, “बँकवाली शोभतेस हां. पासबुकात एन्ट्री मारल्यासारखं लिहिलंस.” लागलं होतं मला. पण तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि खाली जीपवाला हॉर्न वाजवून जीव खात होता.

आता सुचतंय. काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हापासून सुचतंय. ‘शाळा उघडली. पहिली-दुसरी निम्मी गेली.’ एवढंच लिहितेस तू. घसा कसा आहे, मतदानाची ड्युटी कुठल्या केंद्रावर लागली, दिवाळीचा फराळ पोचला का, काही नाही. माय रोज विचारते, “ताईनी काय खबर?” तिला काय सांगू? निम्मी गेली म्हणून सांगू?

कुठे गेली हे तुला-मला वेगळं सांगायला नको. बार्डोलीकडे ऊस तोडायला, सौराष्ट्रात कापूस वेचायला, कुणाची शेती भागानं करायला. दिवाळी झाली की सातपुड्यातून ट्रक भरून माणसं खाली उतरतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी, तान्ही, शाळेतली, सगळी एकाच फळीवर. आपण तळोद्याला लहान होतो तेव्हा ते ट्रक आपल्या ओट्यासमोरूनच जायचे, आठवतं? आपण हात हलवायचो. वरची पोरंही हलवायची. ती पोरं चाललीत कुठे आणि त्यांच्या शाळेचं काय, हे मला कधी पडलं नाही कोडं. तुला तेव्हाच पडलं होतं वाटतं.

तर त्या मेसेजबरोबर तू एक फोटो पाठवलास. ट्रकची फळी, तिच्यावर चढून बसलेली ती लाल रिबिनीची पोरगी आणि तिच्या गळ्यात खताच्या गोणीची पांढरी पिशवी. फोटो मोठा करून पाहिला. पिशवीवर युरियाची अर्धी अक्षरं आणि त्यावर तुझ्या हातचं, मार्करनं लिहिलेलं तिचं नाव. ताई, ही पिशवी तू जुलैमध्ये शिवत होतीस. माझ्यासमोर. आणि मला बोलली नाहीस.

हाच माझा राग आहे. त्या आठवड्यात तू जे जे केलंस ते मी उपक्रम म्हणून पाहिलं, कारण बाहेर फलकावर तसंच लिहिलेलं होतं. 22 ते 28 जुलै 2024, ‘शिक्षण सप्ताह’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षं झाली म्हणून देशभरातल्या शाळांना तो साजरा करायचा होता. सात दिवसांना सात नावं. सोमवार अध्ययन-अध्यापन साहित्याचा, मंगळवार मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा, बुधवार खेळाचा, गुरुवार संस्कृतीचा, शुक्रवार कौशल्य आणि डिजिटलचा, शनिवार इको क्लब आणि पोषणाचा, रविवार लोकसहभागाचा. मी म्हटलं, “वा, तुमच्याकडे आठवडाभर सणच की!” तू काही बोलली नाहीस. रजिस्टरमध्ये डोकं घालून बसलेलीस.

माझ्या लेकीच्या नाशिकच्या शाळेतही असे आठवडे असतात. एक दिवस पिवळ्या रंगाचा, एक दिवस फळांचा, एक दिवस वाहतुकीच्या साधनांचा. आदल्या रात्री थर्माकोल मी कापते, डिंक तिचा बाबा लावतो, आणि सकाळी मुलगी ते हातात धरून फोटोला उभी राहते. म्हणून तुझ्याकडे सोमवारी मी थर्माकोल शोधत होते. तू वर्गात येऊन सांगितलंस, “भिंतीला लागेल असं काही करायचं नाही. हातात मावेल ते करायचं.” मला वाटलं, पावसाळ्यात तुमची भिंत ओल धरते म्हणून.

त्या पोरांनी केलं काय, तर काड्या. बांबूच्या कामट्या आणल्या होत्या कुणाच्या तरी बापानं. चौथीची मुलं सोलत होती, तिसरीची वीतभर मापानं तोडत होती, दुसरीची टोकं दगडावर घासून बोथट करत होती आणि पहिलीची मोजत होती. दहा झाल्या की गठ्ठा. गठ्ठ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं. दुकानातलं रबर आठवड्यात तुटतं, हे टिकतं, असं तू सांगितलंस. टिकायला कशाला हवं इतकं, असं विचारायचं मला सुचलं नाही. मग लग्नपत्रिकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं आणि अंक. आणि दुपारी त्या पिशव्या. पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या का नाही घेत, त्या पडल्याच आहेत की, मी विचारलं. तुझे सहकारी सर हसले. म्हणाले, “मॅडम, त्या रिकाम्या गोणीचासुद्धा हिशेब द्यावा लागतो आम्हाला.”

मंगळवार मात्र मला जसाच्या तसा आठवतो, कारण त्या दिवशी मी तुझ्या मागे खाली बसले होते, पहिलीच्या रांगेत. पत्र्यावर पाऊस असा की तुझं बोलणं ऐकू येईना. तू बोलणंच बंद केलंस. नुसत्या काड्या काढल्या. त्या शेळ्यांवाल्या पोरासमोर तू बोटांनी शिंगं करून दाखवलीस आणि भुवया उडवल्यास. किती? त्यानं जरा विचार केला. एक गठ्ठा ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. मग सुट्या सात, एकेक करत, शेवटची ठेवताना जरा थांबून, कारण ती बहुतेक लंगडी शेळी असावी. तू पाटीवर 3 लिहिलास, त्याच्या शेजारी 7. त्यानं पाटी हातात घेतली, गठ्ठ्यांकडे पाहिलं, सुट्यांकडे पाहिलं, परत पाटीकडे पाहिलं आणि तिरपा अंगठा तीनावर ठेवून माझ्याकडे बघून हसला. त्या आवाजात एक शब्द न बोलता दशक आणि एकक शिकवून झालं होतं.

पाऊस ओसरल्यावर तू तोच आकडा दोन्हींनी म्हणून घेतलास, ‘तीस सात’ आणि ‘सदतीस’. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आप्पासुद्धा पेपर वाचून तणतणले होते. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की उलटा क्रम आणि जोडाक्षरं यांनी लहान मुलं आकड्यांनाच घाबरतात. तुझ्या वर्गात घरी पावरी बोलणारी मुलं दोन्ही तऱ्हांनी म्हणत होती आणि कुणाची मराठी बुडाल्याचं मला तरी दिसलं नाही.

त्या दुपारी जेवताना तू वाचन-गणिताच्या ‘निपुण’ अभियानाचे टप्पे मला तोंडपाठ म्हणून दाखवलेस. पहिलीअखेर 99 पर्यंतचे अंक, दुसरीअखेर 999 पर्यंत, तिसरीअखेर 9999 पर्यंत. दुसरीच्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचायचे, तिसरीच्यानं किमान 60. “आणि हे मार्चपर्यंत,” तू म्हणालीस. मग भाकरीचा तुकडा मोडत, जरा थांबून, “माझा मार्च नोव्हेंबरात येतो.” मी ऐकलं. पण पुढे तू खिचडीत मीठ जास्त पडल्याचं बोलायला लागलीस. ताई, तू अशीच आहेस. महत्त्वाचं बोललीस की लगेच त्यावर मीठ-मिरची घालून ते झाकतेस. माय-आप्पांना तू धडगावला रुजू झाल्याचंसुद्धा असंच सांगितलं होतंस, पापडाचं पीठ मळता मळता.

बुधवारी खेळ. परिपत्रकात देशी खेळ घ्या असं होतं. पोरांनी गोफण आणली. एकानं तिरकामठा आणला, तो तू काढून कपाटावर ठेवलास. मला वाटलं होतं शर्यती होतील, पोत्यातल्या, लिंबू-चमच्याच्या. तू मुलांना जमिनीवर चौकटी आखायला लावून चिंचोक्यांनी चल्लस-आठ खेळायला बसवलंस. किती पडले, किती घरं पुढे, कोण मेलं, कोण पिकलं. मग सागरगोट्यांसारखे खडे. मी कुरकुरले, “अगं, खेळ म्हणजे जरा पळू दे ना त्यांना!” तू म्हणालीस, “पळतात गं ती. डोंगर चढून शाळेत येतात. यांना बसून खेळता आलं पाहिजे.” आता कळतंय. उसाच्या फडाशेजारी, पालाच्या सावलीत, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन खेळता येईल असा खेळ तू शोधत होतीस.

गुरुवारी मला वाटलं, चला, आता तरी ढोल वाजेल, व्हिडिओ काढू. ढोल वाजला, पोरं नाचली, व्हिडिओही निघाला, तो चार मिनिटांत आटोपलास. उरलेला दिवस तू त्या पिकल्या केसांच्या आजीला दिलास. ती पावरीत गोष्ट सांगत होती आणि वर्ग तोंडाचा आ करून ऐकत होता. मला काही कळत नव्हतं. चौथीची एक मुलगी वाक्यागणिक मराठीत सांगत होती, तू फळ्यावर लिहीत होतीस, आणि आजीला मध्येच पटलं नाही की ती काठी आपटून गोष्ट मागे नेत होती. मग तीच गोष्ट मुलांनी चित्रं काढून छोट्या पुस्तकात उतरवली. वर पावरी, खाली मराठी, दोन्ही देवनागरीत. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, गोधडीच्या दोऱ्यानं मध्ये दोन टाके.

संध्याकाळी सरांनी त्यांची शाळा सांगितली. ते नर्मदेकाठच्या जीवनशाळेत शिकलेले. सरदार सरोवराचं पाणी चढायला लागलं त्या काळात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावांनी चिमलखेडीला आणि आसपास त्या शाळा काढल्या. गावातलेच तरुण शिक्षक, शिकवणं मुलांच्या बोलीतून सुरू होऊन मराठीत जाणारं. पाणी वर आलं तशी शाळाही वर न्यावी लागली. सर म्हणाले, “बाई, आमची शाळा आम्ही खांद्यावरून नेलीये. वासे, कूड, फळा, सगळं.” ते हे सांगत होते आणि तू मान खाली घालून गोधडीचा दोरा दातांनी तोडत होतीस. दोघं मिळून काय कट शिजवताय, मला काय ठाऊक!

शुक्रवारचं मला सगळ्यात जास्त हसू आलं होतं. कौशल्य ठीक. एका बापानं टोपली विणायला शिकवली, पोरांपेक्षा तूच चुकत होतीस. पण ‘डिजिटल’? पाड्यावर रेंज नाही. रोजचे फोटो अपलोड करायला तुम्ही दोघं वरच्या टेकाडावरच्या त्या दगडावर चढता, एका पायावर उभं राहून फोन वर धरता. मी तिथे तुमचाच फोटो काढला होता. तर त्या दिवशी तू मुलांना दहा आकडे पाठ करायला लावलेस. तुझा मोबाइल नंबर. गाण्यासारखा, टाळ्या वाजवत. पहिलीची पोरंही म्हणत होती. मग बंद फोनवर तो दाबून दाखवायचा. आणि चौथीला तू फळ्यावर गुजराती अक्षरं काढून दिलीस. म्हणालीस, “बघा, बरीचशी ओळखीची आहेत. वरची रेघ तेवढी काढलीये.” त्यांनी मिठाच्या पुडीवरचं वाचलं, बिस्किटाच्या कागदावरचं वाचलं, एसटीच्या जुन्या तिकिटासारखं काहीतरी कुणी आणलं होतं तेही वाचलं. परिपत्रकात हे कुठे होतं गं? कुठेच नव्हतं. अहवालात तू ‘भाषिक खेळ’ असं लिहिलंस, मी वाचलंय.

शनिवारी झाडं. ‘एक पेड माँ के नाम’. पोरं आयांना घेऊन आली, महू, आवळा, बांबू लावले, बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, तरी दुपारपर्यंत एका शेळीनं आवळ्याचा शेंडा खाल्ला. कुणाची ती तूही ओळखलंस, मीही. आया फोटोला उभ्या राहताना पदर नीट करत होत्या. एक जण सरांना पावरीत काही म्हणाली आणि सगळ्या हसल्या. सरांनी मला मराठीत सांगितलं, “म्हणते, झाड इथे राहील, आई राहणार नाही, पाणी घालणार कोण?” तू हसली नाहीस. तू कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलंस आणि यादीत काहीतरी टिपलंस.

ते काय टिपलंस ते रविवारी कळायला हवं होतं. समुदाय सहभाग, तिथी भोजन. गावानं भात, तुरीची डाळ, कुणी कोंबडी दिली. अध्यक्षांचं भाषण झालं, तुझं झालं नाही. पंगत उठल्यावर तू एकेका घराजवळ जाऊन खाली बसत होतीस. मी ताटं गोळा करता करता ऐकत होते. कधी निघणार, मुकादम कोण, उचल किती घेतली, किती लेकरं बरोबर, किती मागे. आणि मग हळूच, “हिला ठेवा ना आजीजवळ. जेवण शाळेत होईल. हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळाली तर रात्रीचंही होईल.” एक आई चिडली. बरोबरच आहे तिचं. तान्ह्याला सांभाळायला कुणी नको का फडावर? ती जे म्हणाली ते सरांना मराठीत करून सांगावं लागलं नाही, तिनं तुलाच मराठीत विचारलं, “बाई, तुम्ही राहाल का लेकराशिवाय?”

तू म्हणालीस, “राहते ना. माझा तळोद्यालाच आहे, आजीजवळ.”

मी ताटं तिथेच ठेवली, ताई. त्या बाईनं तुझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. काही बोलली नाही. पण तिची मोठी मुलगी या दिवाळीनंतरही शाळेत आहे, हे तू मला फोनवर सहज बोलता बोलता सांगितलंस. लाल रिबिनीची धाकटी गेली, मोठी राहिली. असंच होणार. तू एवढ्यातही समाधान मानतेस. मला जमत नाही.

आता माझं ऐक. मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि कारण एकच नाही.

पहिलं कारण, ते तुझं पोर. सातवं लागलं त्याला. मायजवळ राहतो, दाजी शनिवारी येऊन जातात, तू कधी येतेस ते चांदसैली घाट ठरवतो. दरड कोसळली की तुझा रविवार गेला. आप्पांच्या वर्षश्राद्धाला पान उठल्यावर पोचलीस, चिखलानं भरलेली, आणि कुणी काही बोलायच्या आत मोरीत भांडी घासायला बसलीस. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा हक्क मिळतो. तुझी तीन कधीच उलटून गेली. पोर्टल उघडलं की मी लिंक पाठवते. तू ‘रेंज नाही’ म्हणतेस. फोटो अपलोड करायला रेंज येते आणि अर्ज भरायला जाते, असा कुठला दगड आहे गं तो?

दुसरं कारण, तू एकटी हे वाहतेस आणि त्याचं नाव ‘उपक्रम’ ठेवून मोकळी होतेस. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी कागदावर काय कमी आहे? शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. मूल जाईल त्या गावच्या शाळेनं त्याला घ्यायचं. बरोबर न्यायला शिक्षण हमी पत्रक आहे. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे. साखर कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या होत्या. पण तुझी पोरं राज्याची हद्द ओलांडतात. तिकडे फळ्यावर गुजराती, फडावर भिल्ली बोलींची भेळ आणि घरात पावरी. आज या फडावर, पंधरवड्यानं पुढच्या. तिथल्या मास्तरांनी तरी कुणाचं नाव लिहायचं आणि किती दिवसांसाठी? म्हणून ते पत्रक तू देतेस आणि त्याच्याबरोबर ती पिशवीही देतेस. दशकाचे गठ्ठे, अक्षरांच्या पत्रिका, चिंचोके, गोष्टीचं पुस्तक, आणि डोक्यात दहा आकडे. सरकारी सात दिवसांत तू पाच महिन्यांची बेगमी भरलीस.

तुला आठवतं, डी.एड.ला असताना तू मला अनुताई वाघांच्या गोष्टी सांगायचीस? मी झोपेला आलेली असायचे आणि तू ऐकवतच असायचीस. ताराबाई मोडकांबरोबर 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम, पुढे कोसबाडची टेकडी. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी, कुरणशाळा. तेव्हा मी विचारलं होतं, “आणि मुलं कुरणाच्याही पुढे गेली तर?” तू म्हणाली होतीस, “झोप आता.” इतकी वर्षं गेली आणि उत्तर मला फोटोतून मिळालं.

आपला जिल्हा झाला तो दिवस लक्षात आहे? 1 जुलै 1998. आप्पांनी पेढे आणले होते. आता धुळ्याला जायला नको, सगळं इथेच होईल, म्हणाले होते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांवर होती आणि नंदुरबारची 64 टक्क्यांच्या आसपास, राज्यात शेवटची. नाशिकमध्ये कुणी हे आकडे माझ्या तोंडावर फेकले की मला आपल्याच घरचं कुणी नापास झाल्यासारखं वाटतं. तुला मात्र कधी खालमानेनं बोलताना पाहिलं नाही. तू म्हणतेस, “पोरं ढ नाहीत, हजर नाहीत.” हे वाक्य मी आमच्या मॅनेजरना ऐकवलं. त्यांनी विचारलं, मग पालकांना समजत कसं नाही? मी म्हटलं, सर, पावसाच्या पाण्यावरची शेती, मका-भगर घरात येते आणि दिवाळीनंतर रोजगार नाही. उचल घेतलीये, ती फेडायचीय. समजत सगळं असतं. पुढे ते काही बोलले नाहीत, माझ्यापुढे कर्जाची फाइल सरकवली.

आणि एक आभाराचं. ते शेवटी ठेवलंय, कारण तुला आभार मानलेले चालत नाहीत. मला बाराखडी कुणी शिकवली? शाळेत जायच्या आधी, ओट्यावर, कोळशानं? मी ‘ळ’ उलटा काढायचे आणि तू फडकं ओलं करून पुसायचीस, रागवायची नाहीस, परत कोळसा हातात द्यायचीस. तुझ्या वर्गात बसले तेव्हा एका पोरानं 7 उलटा काढला. तू ओढणीच्या टोकानं पाटी पुसून पेन्सिल परत त्याच्या हातात ठेवलीस. तोंडानं काही नाही. मला त्या क्षणी तुझ्यावर जे प्रेम आलं ते शेरेबुकात कुठल्या रकान्यात लिहायचं असतं?

बरं, आता व्यवहाराचं बोलू.

बदलीच्या अर्जाचं मी सोडलेलं नाही. पण मुदत वाढवून देते. यंदाची पहिली चौथीत जाऊ दे. लाल रिबिनीची, शेळ्यांवाला, सगळी. ती चौथी पास झाली की अर्ज भरायचा, मी स्वतः दगडावर चढून भरीन, आणि तेव्हा रेंजचं कारण चालणार नाही. तोवर तुझ्या लेकाचा अभ्यास रोज रात्री साडेआठला व्हिडिओवर मी घेणार. त्याला बजावून ठेव, मावशी तुझ्याइतकी शांत नाही. तिनं फडकं घेतलं की आधी ओरडा, मग पुसणं.

पिशव्यांसाठी पुढच्या जूनमध्ये गोणी शोधत बसू नकोस. आमच्या शाखेतल्या बायकांना मी सांगितलंय. जाड कापड, झाकण असलेली, पावसात भिजणार नाही अशी, आत दोन कप्पे. माप पाठव. आतलं सामान मात्र मुलांनीच करायचं, तुझा नियम मोडायचा नाही.

आणि होळीला मी येतेय. गावं होळीला परत येतात, कितीही लांब गेलेली असली तरी, हे तूच मला सांगितलंस. काठी गावच्या होळीला न्यायचं म्हणून गेली किती वर्षं थापा मारतेस, यंदाही नाही नेलंस तरी चालेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मला पहिलीच्या रांगेत बसव. परत आलेल्या प्रत्येकानं पिशवी माझ्यासमोर रिकामी करायची. काड्या हरवल्या असतील तर हरकत नाही, नवीन सोलू. पण गठ्ठे किती आणि सुट्या किती, हे त्यांनी न अडखळता सांगायचं. मी बँकवाली आहे, मोजून घेईन.

घशाला हळदीचं दूध घे. मतदान केंद्रावरून सुखरूप परतलीस की एक ओळ टाक, दीड टाकलीस तरी चालेल. माय वाट बघते.

तुझीच,
धाकटी